विश्लेषण : सात पुलांच्या कोड्यापासून स्क्रीनवरच्या बाणांपर्यंत... कोण होते लिओनार्ड ऑयलर?

घोटाळ्यातील पैसा कोणत्या खात्यातून कुठे गेला, हे दाखवणारे बिंदू आणि बाणांचे जाळे बातम्यांमध्ये आता नेहमी दिसते. गणितात अशा जाळ्याला ‘डायरेक्टेड ग्राफ’, म्हणजे दिशा असलेला आलेख म्हणतात. तो काढून देणारी ‘ग्राफविझ’, ‘गेफी’ यांसारखी सॉफ्टवेअर गेल्या तीन-चार दशकांतील आहेत. त्यामागचा विचार मात्र जवळपास २९० वर्षे जुना आहे. तो मांडणारे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर आयुष्याच्या अखेरच्या पर्वात जवळजवळ पूर्ण दृष्टिहीन होते.

धर्मोपदेशकाचा मुलगा गणिताकडे कसा वळला?

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तेच करावे, अशी त्यांची इच्छा होती. ऑयलर तेराव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाले. तिथे योहान बर्नुली या नामवंत गणितज्ञांनी त्यांची बुद्धी हेरली आणि वडिलांची समजूत घातली. बाझलमध्ये प्राध्यापकपद मिळाले नाही, तेव्हा १७२७ मध्ये ऑयलर रशियाला गेले. सेंट पीटर्सबर्गच्या नव्या विज्ञान अकादमीत त्यांना काम मिळाले आणि १७३३ मध्ये ते तिथे गणिताचे प्रमुख प्राध्यापक झाले.

सात पुलांचे कोडे काय होते?

प्रशियातील कोनिग्सबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राड) हे शहर प्रेगेल नदीमुळे चार भागांत विभागले होते आणि सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सातही पूल पूर्ण करता येतील का, हा तिथल्या लोकांचा आवडता प्रश्न. तसा मार्ग कुणालाच सापडत नव्हता, पण तो अशक्यच आहे, हेही कुणी सिद्ध केले नव्हते. १७३६ मधील एका पत्रात या कोड्याचा गणिताशी फारसा संबंध नाही, असे मत ऑयलर यांनी नोंदवले होते. तरीही त्याचे उत्तर त्यांनी १७३५ मध्येच अकादमीसमोर मांडले होते. तो निबंध १७४१ मध्ये छापून आला.

उत्तर कसे मिळाले?

ऑयलर यांनी पुलांची लांबी, नदीची रुंदी, रस्त्यांची वळणे हे सगळे बाजूला ठेवले. कोणता भूभाग कोणत्या भूभागाला किती पुलांनी जोडला आहे, एवढेच पाहिले. वाटेतल्या एखाद्या भागात एका पुलाने शिरलात, तर दुसऱ्या पुलाने बाहेर पडावे लागते. म्हणजे तिथे पूल जोडीने खर्च होतात. पुलांची संख्या विषम असलेला भाग फक्त प्रवासाची सुरुवात किंवा शेवट असू शकतो. असे भाग दोनपेक्षा जास्त असतील, तर मार्ग अशक्य. कोनिग्सबर्गमध्ये एका भागाला पाच आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी तीन पूल होते. चारही संख्या विषम, त्यामुळे उत्तर ‘नाही’.

या निबंधात नदी आणि पुलांचा नकाशा आहे. भूभागांना आणि पुलांना अक्षरे दिलेली आहेत. पाठ्यपुस्तकात दिसणारे बिंदू आणि रेषांचे चित्र मात्र त्यात नाही. ते दीडशेहून अधिक वर्षांनी आले.

दृष्टी गेल्यावर काम थांबले का?

उलट ते वाढले. १७३८ च्या सुमारास उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ मध्ये ते बर्लिनला गेले आणि २५ वर्षे तिथे राहिले. राजा फ्रेडरिक दुसरा त्यांच्या एका डोळ्यावरून खिल्ली उडवत असे. १७६६ मध्ये ते पीटर्सबर्गला परतले. त्याच सुमारास डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ च्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस दिसले, मग तेही थांबले. त्याच वर्षी लागलेल्या आगीत त्यांचे घर जळाले. बाझलच्याच एका कारागिराने त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढले. पहिल्या पत्नीकडून झालेल्या १३ मुलांपैकी पाचच बालपण पार करू शकली. १७७३ मध्ये पत्नीही गेली.

तरीही लांबलचक आकडेमोड ते मनातल्या मनात करत. पाटीवर मोठ्या अक्षरांत सूत्रे लिहीत आणि मुलगा व साहाय्यक ती उतरवून घेत. चंद्राच्या गतीवरील त्यांचा मोठा ग्रंथ १७७२ मध्ये याच अवस्थेत पूर्ण झाला. १८ सप्टेंबर १७८३ रोजी, नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल सहकाऱ्याशी बोलल्यानंतर, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाची यादी साडेआठशेहून अधिक नोंदींची आहे.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

ऑयलर यांचे पूल दोन्ही बाजूंनी ओलांडता येत. पैशांचा व्यवहार किंवा सोशल मीडियावरचे ‘फॉलो’ एकाच दिशेने जाते. म्हणून रेषेऐवजी बाण लागतो. नियमही थोडा बदलतो : सगळे बाण एकेकदाच वापरून मूळ जागी परतायचे असेल, तर प्रत्येक बिंदूवर येणारे आणि तिथून निघणारे बाण सारखेच असावे लागतात. डीएनएचे लहान तुकडे जोडून पूर्ण क्रम शोधण्याच्या काही पद्धती याच कल्पनेवर उभ्या आहेत. तो आलेख स्क्रीनवर पाहण्यासाठी ‘बँडेज’ नावाचे सॉफ्टवेअर आहे.

तुम्ही फक्त कोण कोणाला जोडलेले आहे, याची यादी द्यायची. ‘ग्राफविझ’ची एक पद्धत बिंदूंचे थर लावते, शक्य तितके बाण एकाच दिशेने ठेवते आणि रेषा एकमेकींना कमीत कमी छेदतील अशी रचना शोधते. सर्वोत्तम रचना शोधणे मोठ्या जाळ्यात संगणकालाही फार जड जाते, म्हणून पुरेशी चांगली रचना स्वीकारली जाते. ‘गेफी’मध्ये बिंदू माऊसने ओढता येतात, चित्र मोठे करता येते, नको ते गाळता येते.

असे चित्र पाहताना काय लक्षात ठेवावे?

बिंदू ओढून दुसऱ्या कोपऱ्यात नेला तरी आलेख तोच राहतो, कारण जोडणी बदललेली नसते. म्हणजे दोन नावे स्क्रीनवर शेजारी दिसली, एवढ्यावरून त्यांचा संबंध सिद्ध होत नाही. एखादे नाव मधोमध आहे म्हणून तोच सूत्रधार, असेही नाही. ती जागा बहुतेकदा सॉफ्टवेअरने ठरवलेली असते. पाहायचे ते बाण : तो कुठून निघतो, कुठे पोहोचतो आणि तो काढण्यामागे पुरावा काय. जाळ्यातल्या नावामागे खरा माणूस असतो, तेव्हा हा फरक त्याच्यासाठी फार मोठा ठरतो.