विश्लेषण : चिपसाठी आज युरोपची जी धडपड, तीच वालचंद हिराचंद यांनी बोटींसाठी का केली?

कुर्ला-विद्याविहारच्या प्रीमियर रोडवर आता मोटारींचा कारखाना नाही, नाव तेवढे उरले आहे. तो कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) आयुष्यभर एकाच प्रश्नामागे होते. मालाची ने-आण परक्याच्या हाती असेल, तर बाजार आपला कसा? चिप आणि क्लाउडसाठी अमेरिका-आशियावर विसंबलेल्या युरोपपुढे आज असाच पेच आहे. २०२३ मध्ये तिथे चिपसाठी कायदाही लागू झाला.

सुरुवात कशी झाली?

जन्म सोलापूरचा. घरच्या सावकारी आणि कापसाच्या व्यापारात मन न रमल्याने वालचंद रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले. पहिल्या महायुद्धानंतर नरोत्तम मोरारजी आदींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मग अडले कुठे?

किनाऱ्यावरच्या वाहतुकीत ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. नवा भिडू येताच त्यांनी भाडे पाडले. तोट्यात धंदा करण्याइतका पैसा त्यांच्याकडे होता, सिंदियाकडे नव्हता. कंपनी विकून टाकण्याचा प्रस्ताव आला, तो नाकारला गेला. पण १९२३ च्या करारात दहा वर्षांसाठी ७५ हजार टनांची मर्यादा पत्करावी लागली. स्वदेशीचा झेंडा घेतलेल्या कंपनीसाठी ही सही बोचरीच. तिच्यामुळेच कंपनी तगली, हेही खरे.

विमाने, मोटारींचे काय झाले?

१९४० मध्ये बंगळूरुत त्यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. महायुद्ध भारताच्या दाराशी आले आणि १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा घेतला. विशाखापट्टणमच्या त्यांच्या गोदीतून १९४८ मध्ये ‘जल उषा’ पाण्यात उतरली. चार वर्षांनी तीही गोदी सरकारकडे गेली.

मोटारी मात्र हातात राहिल्या. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. पण तंत्रज्ञान अमेरिकेच्या क्रायस्लरचे होते, पुढे इटलीच्या फियाटचे. कारखाना कुर्ल्याचा, आराखडा परक्याचा. त्याच फियाटची पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.