जेम्स हॉर्सबर्ग : गलबतांचा वाटाड्या

आमच्या इगतपुरीच्या मुलांस सिग्नलचा दिवा म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग वर आला, तेव्हापासून येथील कित्येक घरांची भाकर त्या दिव्याच्या भरवशावर चालत आली आहे. परंतु आगगाडीस निदान रूळ असतात. मुंबई बंदरात शिरणाऱ्या गलबतास पाणी सर्वत्र सारखेच दिसते. खाली खडक कोठे आहे हे डोळ्यांस कळत नाही. ही अदृश्य वाट कागदावर उतरविण्यात ज्यांनी जन्म वेचला, त्या जेम्स हॉर्सबर्ग ह्यांची हकीकत आम्ही येथे देत आहो.

त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १७६२ रोजी स्कॉटलंडातील फाइफ प्रांतात ईली ह्या किनाऱ्यावरील गावी झाला. घरची स्थिती साधारणच होती. सोळाव्या वर्षी ते कोळशाच्या गलबतावर चाकरीस राहिले. १७८० साली ते गलबत फ्रेंचांनी पकडले व हॉर्सबर्ग ह्यांस डंकर्क येथे काही काळ तुरुंगवास घडला. सुटका झाल्यावर ते वेस्ट इंडीजला जाऊन आले आणि पुढे कलकत्त्यास पोहोचले.

१७८६ साली ते अ‍ॅटलस नावाच्या गलबतावर पहिले मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचे मुख्य अधिकारी होते. गलबत बटेव्हियाहून सिलोनास निघाले होते. ज्या नकाशांवर त्याची सारी भिस्त होती, ते दिएगो गार्सिया बेटाच्या बाबतीत चुकीचे होते. ३० मे रोजी गलबत त्याच बेटावर आदळून फुटले. त्या वेळी हॉर्सबर्ग चोवीस वर्षांचेही नव्हते. मुंबईस परतल्यावर चीनच्या व्यापारातील एका मोठ्या जहाजावर त्यांस तिसऱ्या मेटची जागा मिळाली. पहिल्याचे तिसरे झाले! पण ह्या अपघातानंतर त्यांनी समुद्राची टिपणे ठेवण्याचा जो क्रम धरला, तो कधीच सोडला नाही. फावल्या वेळात ते चित्रकला, नकाशे कोरण्याची विद्या व चंद्राच्या वेधांवरून रेखांश काढण्याचे गणित आपले आपणच शिकले. १७९८ साली ते अ‍ॅना जहाजाचे कप्तान झाले. १८०२ च्या एप्रिलपासून १८०४ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांनी वायुभारमापकाच्या नोंदी ठेवल्या. त्यांवरून उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्रावर पारा दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो, आणि जमिनीजवळ हा चढउतार मंदावतो, असे त्यांनी दाखविले. १८०६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले.

त्यांचा मोठा ग्रंथ १८०९ ते १८११ ह्या काळात प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान, चीन व वाटेतील बंदरांस जाण्याचे मार्ग त्यात एकवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगितले आहेत. अशा ग्रंथाचा उपयोग कसा होतो, हे मुंबईवरून पाहू. आत येणाऱ्या गलबताच्या डाव्या हातास कुलाब्याच्या टोकाचा प्रॉंग्ज खडक, उजवीकडे थळचे खडक. (हे थळ अलिबागेजवळचे, आपल्या घाटाशी त्याचा घोटाळा करू नये.) मधून वाट काढावयाची. त्या काळी कुलाब्यास १७७१ सालची दीपदांडी होती. खांदेरीची १८६७ साली व प्रॉंग्जची १८७५ साली झाली, म्हणजे ती दोन्ही पुष्कळ पुढची. तेव्हा डोंगर हेच खांब. कर्नाळ्याच्या सुळक्यास दर्यावर्दी फनेल हिल म्हणून ओळखीत. दूरची एक खूण व जवळची एक खूण एकामागे एक आल्या की गलबत त्या रेषेत ठेवावे; एक बाजूस सरकली की आपण वाट सोडली. विद्यार्थ्यांनी मैदानावर दोन काठ्या रोवून हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

पण पावसाळ्यात डोंगरच दिसेनासे होतात. तेव्हा दोरीस शिसे बांधून खोली मोजीत, व शिशाच्या बुडास चरबी लावून तीस तळाची रेती चिकटते की चिखल, हेही पाहत. तळ कोठे कसा आहे हे पुस्तकात लिहिलेले असले, तर चिमूटभर चिखलावरूनही ठिकाण ओळखता येई. आम्हांस तर ह्या चिखलाचेच सर्वांत अधिक कौतुक वाटते.

१८१० साली ईस्ट इंडिया कंपनीने हॉर्सबर्ग ह्यांस आपले जलमापन अधिकारी नेमले. जहाजांच्या रोजनिशा तपासणे आणि जुने नकाशे दुरुस्त करणे हे काम त्यांनी अखेरपर्यंत केले. ह्या नकाशांच्या आधारे चीनला कापूस गेला तशी अफूही गेली, हे आम्ही लपवीत नाही. वाट दाखविणाऱ्यास तिचा दोष कितपत द्यावा, ह्याविषयी आमच्या शिक्षकवर्गात एकमत झाले नाही.

१४ मे १८३६ रोजी ते निवर्तले. चीनशी व्यापार करणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या स्मारकासाठी वर्गणी जमविली. पुतळा न उभारता, सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्व तोंडाशी पेद्रा ब्रांका नावाच्या खडकावर दीपगृह बांधण्याचे ठरले, आणि १८५१ साली तेथे दिवा लागला. पुढे त्या खडकाच्या मालकीवरून सिंगापूर व मलेशिया ह्यांचा वाद होऊन २००८ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो सिंगापूरचा ठरविला. दीपगृहास नाव मात्र हॉर्सबर्ग ह्यांचेच आहे.