गाडगं, खराटा आणि माझी डिग्री



दोन दिवस झरीला, घरी आलोय. सकाळी ओसरीवर बसून ग्रामगीतेतला ग्रामशुद्धीचा अध्याय उघडला, तेवढ्यात अंगणात वडलांचा खराटा सुरू झाला. त्या खसखस आवाजात वाचन तिथंच थांबलं. गाडगेबाबा आठवले. म्हणून आज ओव्या बाजूला ठेवून बाबांच्या वस्तूंबद्दल लिहितो.

बाबांचं नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव, घराणं परटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. मग आईसोबत मामाकडे दापुरीला. तिथं गुरं राखली, शेती केली, लग्न झालं, लेकरं झाली. आणि १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडलं. सोबत एक काठी आणि एक मातीचं गाडगं.

संतांच्या वस्तू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पादुका येतात, माळ येते, काचेच्या पेटीत जपलेली कफनी येते. आपण रांगेत उभं राहून दर्शन घेतो, मीही घेतो. बाबांच्या वस्तू मात्र अशा, की त्यांची पेटी करावी कशी हाच प्रश्न. त्याच गाडग्यात पाणी प्यायचं, त्यातच मागून आणलेली भाकर खायची, चालताना तेच डोक्यावर पालथं घालायचं. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. यातलं विकत घेतलेलं जवळपास काहीच नाही. लोकांनी टाकून दिलं ते बाबांनी अंगावर घातलं. मला वाटतं त्यांचा सगळा अध्यात्मविचार इथंच आहे, तो कळायला वेगळा ग्रंथ लागत नाही.

आणि खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, नाल्या साफ करायच्या. काम केल्यावरच भाकर. रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन. पाया पडू द्यायचे नाहीत, कुणाला शिष्य म्हणायचे नाहीत. पंढरपूरला वारीत जायचे, पण देवळात न जाता चंद्रभागेचं वाळवंट झाडत राहायचे. दिवाळीला आपण केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो, पण रोज गल्ली झाडणाऱ्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या लांब उभं केलं. बाबांनी ती गोष्ट कुणावर लादली नाही, स्वतःच्या हातात घेतली. (स्वच्छता मोहिमेत कोरा झाडू धरून काढलेले फोटो पाहिले की मला हसू येतं. माझाही एक आहे.)

लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. स्वतःकडे तेच गाडगं. कीर्तनात सांगायचे, घरची भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शिकवा. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, गाडीतच त्यांनी देह ठेवला.

भांडी विकण्याची गोष्ट आमच्या घरात खरोखर घडली. त्या साली कापसानं दगा दिला होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरायला आजीचा पितळी गुंड गेला. ती डिग्री आज भिंतीवर आहे, तिच्यावर छापलंय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. शेजारी बाबांचा फोटो, हातात खराटा.

आणि याच डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा कॉलेजचे मित्र झरीला आले होते. वडील बाहेर रस्त्यापर्यंत झाडत होते. मी धावत जाऊन त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला आणि गोठ्यामागे ठेवून दिला. मित्रांना वाटलं, पोरगा बापाला मदत करतोय. वडलांना कळलं होतं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत त्यांचं झाडून झालेलं होतं. पुढचे दोन्ही दिवस तसंच. माझी लाज सांभाळायला ते अंधारात झाडत होते, हे समजायला मला किती वर्षं लागली ते लिहायलाही नको वाटतं.

आज पोथी मिटली आणि खाली उतरून खराटा मागितला. त्यांनी दिला. मी सुरू केलं तर सगळी धूळ ओसरीवर. मग त्यांनीच बादली आणून आधी पाणी शिंपडलं, खराटा किती तिरपा धरायचा ते हात धरून दाखवलं. अर्धं अंगण झालं तोवर कंबर धरली, आणि दहाला ऑफिसचा कॉल होता. उरलेलं त्यांनी केलं.

अध्यायातल्या ओव्या उद्या वाचू. सकाळी थोडा उशीर होईल, राहिलेलं अर्धं अंगण आहे.