शिंपल्यात पेरलं, सतरा वर्षांनी पिकलं

शेततळ्यात शिंपले सोडा आणि वर्ष-दीड वर्षात लाखोंचे मोती काढा, अशा जाहिराती अलीकडे खेड्यापाड्यांतही पोचल्या आहेत. तरुण पोरं त्यांच्याकडं ओढली जातात, ते साहजिक आहे. कांद्याच्या भावाचा भरवसा नाही, दुधाचं गणित बसत नाही, मग मोत्याचं पीक कुणाला नको? पण ज्या माणसानं ही शेती जगात पहिल्यांदा धंदा म्हणून उभी केली, त्याला पहिला अर्धामुर्धा मोती मिळायला पाच वर्षं लागली, आणि पुरता गोल मोती हाती यायला सतरा. त्या माणसाचं नाव कोकिची मिकिमोतो. शिंपले घेण्याआधी त्याची ही हकिगत वाचायला हरकत नाही.

शेवयांच्या दुकानातला मुलगा

मिकिमोतो यांचा जन्म 25 जानेवारी 1858 चा. जपानच्या पूर्व किनाऱ्यावरचं तोबा हे त्यांचं गाव. वडलांचं गव्हाच्या जाड शेवयांचं दुकान होतं. या शेवयांना तिकडं उदोन म्हणतात. खाणारी तोंडं बरीच आणि कोकिची थोरला. तेराव्या वर्षी शाळा सुटली. दुकानात हात द्यायचा आणि भाजी विकायची, हा त्याचा दिनक्रम झाला.

विशीत त्यानं तोक्यो आणि योकोहामा पाहिलं. त्या काळात जपानचा बाहेरच्या देशांशी व्यापार नुकता खुला झाला होता. बंदरातल्या बाजारात आपल्या गावच्या समुद्रातल्या जिनसांना, त्यातही मोत्याला, परके व्यापारी काय दाम मोजतात, हे त्यानं पाहिलं. भाजीच्या पाटीत आयुष्य घालवण्यापेक्षा समुद्रातला हा माल बघावा, असं त्याच्या मनानं घेतलं.

पण मोत्याला भाव आला की शिंपल्यावर संक्रांत येते. तोबाच्या आसपासच्या किनाऱ्यावर तेच झालं. लोक दिसेल तो शिंपला फोडायला लागले. हजारात एखाद्यात मोती सापडायचा, बाकीचे फुकट मरायचे. शिंपल्यांची पैदास झपाट्यानं घटली. मिकिमोतो यांची पहिली धडपड मोती बनवण्याची नव्हती, शिंपला वाचवण्याची आणि वाढवण्याची होती. 1888 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी कर्ज काढून आगो उपसागरातल्या शिनमेई इथं शिंपल्यांची लागवड सुरू केली. पत्नी उमे घर सांभाळून या कामात बरोबरीनं उतरली. लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

दोनच वर्षांनी, 1890 मध्ये, तोक्योच्या उएनो भागात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथं तोक्यो विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ काकिची मित्सुकुरी यांच्याशी गाठ पडली. शिंपल्याच्या अंगात परकी वस्तू शिरली तर तो तिच्यावर आपल्या कवचाच्या आतल्या बाजूसारखा चकचकीत थर चढवतो, हे शास्त्राला माहीत होतं. चीनमध्ये तर शेकडो वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत बुद्धाच्या चिमुकल्या मूर्ती सरकवून त्यांच्यावर हा थर चढवून घेत. मग ठरवून वस्तू घातली तर ठरवून मोती का मिळू नये? मिकिमोतो या मागं लागले.

लाल पाणी

सांगायला सोपं, करायला अवघड. माती, काच, शिंपल्याचे तुकडे असं काय काय घालून पाहिलं. शिंपला एक तर ते बाहेर टाकायचा, नाही तर मरायचा. शिंपला उघडून पाहिल्याशिवाय आत काय झालंय ते कळत नाही, आणि चुकीच्या वेळी उघडला तर जनावर हातचं जातं. कर्ज वाढत चाललं आणि गावात हसू होऊ लागलं.

त्यातच 1892 मध्ये शिनमेईच्या समुद्राचं पाणी लाल झालं. समुद्रात काही जातींचे सूक्ष्म जीव एकाएकी बेसुमार वाढतात. पाण्यातला प्राणवायू कमी होतो, कधी विषही उतरतं. शिंपला एका जागी बसलेला, पळून जाणार कुठं? चार वर्षांची मेहनत काही दिवसांत सडली. गारपिटीनं द्राक्षबाग झोपते तेव्हा बागायतदाराला काय वाटतं, ते आपल्याला ठाऊक आहे. तशीच ती वेळ होती.

वाचवलं ते एका गोष्टीनं. सगळे शिंपले एकाच ठिकाणी नव्हते. काही तोबाजवळच्या ओजिमा नावाच्या छोट्या बेटापाशी ठेवले होते आणि तिथवर लाल पाणी पोचलं नाही. 11 जुलै 1893 रोजी त्यातला एक शिंपला उघडला, तर कवचाला चिकटलेला अर्धगोल मोती दिसला. या क्षणी उमे सोबत होती.

1896 च्या जानेवारीत या अर्ध्या मोत्याच्या पद्धतीला पेटंट मिळालं. त्याच वर्षी उमे वारली. वय अवघं बत्तीस, पदरी पाच लेकरं. हाल सोसले ते तिनं, सुबत्ता आली ती तिच्या मागं. मिकिमोतो यांनी पुन्हा लग्न केलं नाही. 1899 मध्ये त्यांनी तोक्योच्या गिंझा पेठेत मोत्यांचं दुकान काढलं. म्हणजे पिकवणाऱ्यानं मधला दलाल टाळून आपला माल आपणच विकायचा, हा विचार त्यांनी फार लवकर केला होता.

पण अर्धा मोती तो अर्धाच. तो अंगठीत बसतो, सरात ओवता येत नाही. गोल मोत्यासाठी खटपट चालूच राहिली. तोवर धंदा वाढून शिंपल्यांची संख्या लाखांत गेली होती. 1905 मध्ये पुन्हा लाल पाणी आलं आणि सुमारे साडेआठ लाख शिंपले मेले. मेलेल्या शिंपल्यांचे ढीग उपसत बसल्यावर त्यात मोजके गोल मोती सापडले. नुकसान डोळ्यांसमोर पडलेलं असताना ज्याची सतरा वर्षं वाट पाहिली ते त्याच ढिगात हाती आलं.

श्रेय कुणाचं?

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मिकिमोतो यांना मोतीशेतीचे जनक म्हणतात, पण आज जगभर गोल मोती ज्या पद्धतीनं पिकवतात तिचं श्रेय त्यांचं एकट्याचं नाही. तात्सुहेई मिसे नावाचा सुतार आणि तोकिची निशिकावा हा जीवशास्त्रज्ञ, या दोघांनी ती पद्धत वेगवेगळी शोधली. 1907 च्या सुमाराला पेटंटसाठी त्यांच्यात ओढाताण झाली आणि शेवटी तडजोड होऊन पद्धतीला दोघांचं नाव लागलं. निशिकावा हे मिकिमोतो यांचे जावई. ते 1909 मध्ये ऐन तारुण्यात गेले.

पद्धत थोडक्यात अशी. शिंपल्याच्या कवचाला आतून एक मऊ पडदा लागून असतो. मोत्याचा थर तोच चढवतो. एका शिंपल्याच्या या पडद्याचा बारीक तुकडा कापायचा. दुसऱ्या जिवंत शिंपल्याच्या अंगात चीर देऊन तो तुकडा आणि एक गोल मणी शेजारी शेजारी ठेवायचे. तुकडा वाढून मण्याभोवती पिशवी तयार होते आणि ती मण्यावर थरावर थर चढवते. आंब्याच्या कलमासारखंच हे आहे, फक्त इथं झाड म्हणजे जिवंत जनावर. मणी बहुतेक अमेरिकेतल्या नद्यांच्या जाड शिंपल्यातून कापलेला असतो. कलम करणाऱ्याचा हात कच्चा असेल तर शिंपला मरतो किंवा मोती वाकडा निघतो. हात पक्का असला तरी सगळे जगत नाहीत, आणि जगलेल्यांत उत्तम मोती थोडेच.

मिकिमोतो यांची स्वतःची पद्धत वेगळी आणि जास्त कष्टाची होती. 1916 मध्ये तिला पेटंट मिळालं, पण पुढं त्यांच्या शेतांतही दुसरीच रुळली. त्यांचं खरं काम आहे ते शेत उभं करण्याचं. शिंपल्यांचं बी गोळा करणं, तराफ्यांना पिंजरे टांगून त्यांना वाढवणं, पाणी बिघडलं की जागा बदलणं, माल निवडणं आणि बाजार मिळवणं, ही सगळी साखळी त्यांनी जोडली. या साखळीत समुद्रात बुडी मारणाऱ्या बायांचा मोठा वाटा होता. त्यांना तिकडं आमा म्हणतात. श्वास रोखून तळाशी जायचं, शिंपले वर आणायचे आणि कलम केलेले पुन्हा तळाशी नेऊन ठेवायचे, हे त्यांचं काम. पेटंटावर त्यांचं नाव कुठंच नाही.

बाजारातली लढाई

1921 च्या सुमाराला हे मोती युरोपच्या बाजारात दिसू लागले आणि गहजब झाला. लंडन आणि पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी त्यांना नकली ठरवलं. मिकिमोतो कोर्टात गेले, शास्त्रज्ञांच्या साक्षी झाल्या. हा मोतीच आहे, शिंपल्यानंच बनवलेला आहे, फक्त सुरुवात माणसानं करून दिली आहे, ही बाजू टिकली. तो विकताना ‘कल्चर्ड’ म्हणजे पिकवलेला असं सांगून विकायचं, हा रिवाज पडला. 1927 मध्ये ते अमेरिकेत थॉमस एडिसन यांना भेटले. 1939 च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात त्यांनी हजारो मोत्यांची आणि हिऱ्यांची घंटा मांडली. जाहिरात कशी करावी हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

पण माल वाढला तसे इतर शेतकरीही या धंद्यात आले. घाईनं काढलेला, पातळ थराचा हलका माल बाजारात आला आणि भाव घसरू लागले. 1932 मध्ये मिकिमोतो यांनी कोबे शहरात भर लोकांसमोर हलक्या मोत्यांचा ढीग पेटवून दिला. मोती पेटतात हे पाहून लोक चकित झाले. देखावा होता, पण त्यातला मुद्दा खरा होता. वाईट माल चांगल्या मालाचाही भाव पाडतो.

दुसऱ्या टोकाला काय झालं तेही पाहायला पाहिजे. इराणच्या आखातात, बहरीन-कुवेतकडं, शतकानुशतकं बुडी मारून मोती काढत. ते मोती मुंबईत येत. इथले व्यापारी ते निवडत, त्यांना भोकं पाडून घेत, सर ओवत आणि लंडन-पॅरिसला पाठवत. आपण ज्याला बसरा मोती म्हणतो तो हाच. जुन्या घरांतल्या नथीत आणि तन्मणीत तो बसलेला आहे. तिकडचा पाणबुड्या हंगामाआधी तांडेलाकडून उचल घ्यायचा. आपल्याकडं ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो तशीच. फिटता फिटायची नाही. 1929 ची जागतिक मंदी आणि जपानचा स्वस्त मोती हे दोन्ही एकदम अंगावर आलं आणि तो धंदा बसला. गलबतं किनाऱ्याला लागली ती लागलीच. मुंबईच्या मोती व्यापारालाही त्याची झळ पोचली. एकाच्या शोधानं तोबाच्या किनाऱ्याची भाकरी वाढली आणि आखातातल्या पाणबुड्याची गेली.

दुसऱ्या महायुद्धात चैनीच्या वस्तू म्हणून जपानमध्येच मोत्यांवर बंदी आली. युद्धानंतर धंदा पुन्हा उभा राहिला. 21 सप्टेंबर 1954 रोजी, वयाच्या 96 व्या वर्षी, मिकिमोतो वारले. जिथं पहिला मोती मिळाला ते ओजिमा बेट आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

आपल्यासाठी काय?

लाल पाणी मात्र त्यांच्याबरोबर गेलं नाही. 1992 मध्ये आगो उपसागरात ते पुन्हा आलं. 1990 च्या दशकाच्या मध्यात रोगानं जपानभर मोतीशिंपले मेले. 2019 मध्ये कोवळे शिंपले मोठ्या संख्येनं मेले. शंभर वर्षांचा अनुभव पाठीशी असलेल्या शेतकऱ्यांची ही गत.

भारतातही हे तंत्र नवं नाही. तमिळनाडूत तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये खाऱ्या पाण्यातला मोती पिकवला. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेनं तळ्यातल्या शिंपल्यातून मोती काढण्याचं तंत्र बसवलं, आणि ती प्रशिक्षणही देते. म्हणजे तंत्र खोटं नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. गोड्या पाण्याच्या मोत्यात चीन इतका माल काढतो की साध्या मोत्याला भाव मिळणं कठीण होऊन बसलं आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. शिंपले कुठून येणार आणि आपल्या पाण्यात टिकणार का? चीर देण्याचं काम कोण करणार, आणि त्याच्या हातचे शेकडा किती शिंपले जगतात? उन्हाळ्यात तळं आटलं तर काय? आणि सर्वांत महत्त्वाचं, निघालेला मोती कोण, कोणत्या भावानं, कोणत्या कागदावर लिहून देऊन घेणार? शिंपले विकणाराच मोती घेईन म्हणत असेल, तर त्यानं आधी कुणाकुणाचे घेतले, ते त्या शेतकऱ्यांच्या दारात जाऊन बघा.

सुरुवात करायचीच तर थोड्या शिंपल्यांवर करा, आणि सगळे एका तळ्यात ठेवू नका. ओजिमाचे शिंपले वेगळे ठेवले होते, म्हणून मिकिमोतो तगले.