शाहू महाराजांचे घड्याळ

यंदाच्या स्नेहसंमेलनातील नाटिकेत शाहू महाराजांच्या भूमिकेसाठी घड्याळ निवडण्याचे काम माझ्याकडे आले. कोणी सोन्याचे मनगटी घड्याळ सुचवले. मला ते पटले नाही. महाराज १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले, १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला. पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळले ते पहिल्या महायुद्धानंतर. म्हणून मी खिशातले, साखळीचे व झाकणाचे घड्याळ निवडले. घोडा फेकला, शिकारीसाठी रान तुडवले, तरी झाकणामुळे काच शाबूत राहते; इंग्रज त्याला 'हंटर' म्हणत ते त्यामुळेच.

मात्र ते सोन्याचे नव्हे, साध्या निकेलचे घेतले. या राजाने गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९२२ साली, अवघ्या ४७व्या वर्षी, ते गेले.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. सोन्याने मढलेला राजा मला परका वाटला असता.