श्वासाचे मोल : डॉ. हॉवर्ड सॉमरवेल

लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावलेल्या विद्यार्थ्याला दम लागणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. घसा कोरडा पडतो, छाती भात्यासारखी हलते. परंतु थोडी विश्रांती घेतली की श्वास पूर्ववत होतो. जेथे अशी विश्रांती नाही, अशा उंचीवर एका शल्यविशारदाचा घसाच बंद झाला होता. त्या डॉ. थिओडोर हॉवर्ड सॉमरवेल यांचे चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म १६ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडमधील केंडल येथे झाला. घरी पादत्राणांचा मोठा व्यवसाय होता. पण त्यांचा ओढा वैद्यक, चित्रकला आणि गिर्यारोहण यांकडे. केंब्रिज व लंडन येथे त्यांचे शिक्षण झाले. १९१६ साली सोमच्या रणभूमीवर उपचारांची वाट पाहत पडलेले असंख्य जखमी सैनिक त्यांनी पाहिले आणि युद्धाविषयी त्यांच्या मनात कायमचा तिटकारा उत्पन्न झाला.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते होते. त्या मोहिमेत हिमपात कोसळून सात हमाल मृत्युमुखी पडले. मोहीम संपल्यावर भारतभर हिंडताना ते त्रावणकोरातील नेय्यूर येथील मिशनच्या रुग्णालयात गेले. तेथे रुग्णांची रीघ लागलेली, आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर मात्र एकच! लंडनमधील उज्ज्वल भवितव्यावर पाणी सोडून सॉमरवेल यांनी नेय्यूरला राहण्याचे ठरविले.

१९२४ साली ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. थंड हवेने त्यांचा घसा आधीच बिघडला होता. तशातही २४ मे रोजी उत्तर खिंडीवर अडकलेल्या चार हमालांना सोडविण्यास ते मॅलरी व नॉर्टन यांच्यासह वर चढले, आणि घसरलेल्या दोघांना त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून घेतले. चौघेही वाचले.

४ जून रोजी नॉर्टन व सॉमरवेल प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून शिखराकडे निघाले. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक-तृतीयांश. एकेका पावलासाठी आठ-दहा श्वास घ्यावे लागत. एरवी नाक हवेला ऊब व ओलावा देते. पण धापा टाकताना मनुष्य तोंडाने श्वास घेतो, आणि कोरडी, गोठलेली हवा थेट घशावर आदळते. सुमारे २८,००० फुटांवर खोकल्याने हैराण झालेले सॉमरवेल थांबले व त्यांनी नॉर्टनला पुढे जाण्यास सांगितले. नॉर्टन एकटे २८,१२६ फुटांपर्यंत पोहोचले. प्राणवायूवाचून गाठलेल्या उंचीचा हा विक्रम १९७८ पर्यंत अबाधित राहिला.

परतताना, सुमारे २५,००० फुटांवर, सॉमरवेल यांच्या घशात काहीतरी अडकले. श्वास आत जाईना, बाहेर येईना. हाक मारण्यास आवाजही नाही. पुढे चाललेल्या नॉर्टनना वाटले, मित्र चित्र काढण्यास थांबला असेल. सॉमरवेल मरणाच्या तयारीने बर्फात बसले. मग उरलेसुरले बळ एकवटून त्यांनी दोन्ही हातांनी छाती दाबली; अडथळा सुटला, रक्त आले आणि श्वास मोकळा झाला. थंडीने मृत झालेली स्वरयंत्राची आतील त्वचाच सुटून तेथे अडकली होती!

चारच दिवसांनी, ८ जून रोजी, मॅलरी व अर्व्हिन शिखराच्या वाटेवर नाहीसे झाले. सॉमरवेल नेय्यूरला परतले. १९४५ पर्यंत त्यांनी तेथे सहस्रावधी रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शल्यशास्त्र शिकविले. २३ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रांनो, सॉमरवेल शिखरावर पोहोचले नाहीत. परंतु त्या सायंकाळी परत मिळालेला श्वास त्यांनी पुढे अर्धशतक कसा वेचला, हे पाहिले म्हणजे शिखर हुकल्याची खंत कोणास वाटेल?