हळदोण्याचा ट्रंपेट

उरणची हळद बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही, ती बघावी लागते. दिवसा धवलारीण धवले गाते, बायका तिच्या मागे ओळ धरतात. रात्री मांडवात बँड येतो आणि मग झोप विसरायची. आधी एकवीरा आईची गाणी, मग कोळीगीतं, मग सध्याचं जे काय रीलवर चाललंय ते. आणि बारा-साडेबाराच्या सुमारास, पोरं दमली की, ट्रंपेटवाला गाल फुगवून ‘शोला जो भडके’ सुरू करतो. त्याबरोबर इतका वेळ खुर्चीवर बसलेले आजोबा उठतात. दोन हात हवेत, पाय जागच्या जागी, चेहऱ्यावर भगवानदादा. मी लहानपणापासून हे बघत आलेय. ते गाणं आपलंच, मराठी माणसाचंच, असं मी धरून चालले होते.

अर्धं बरोबर आहे. १९५१ चा ‘अलबेला’ भगवानदादांचा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. गायलं लता मंगेशकर आणि खुद्द चितळकरांनी. पण त्या गाण्याला जो झटका आहे, पितळी वाद्यांचा तो जो झणझणीत उजेड आहे, त्याच्या मागे आणखी एक माणूस होता. त्याचं नाव चिक चॉकलेट. एके काळी त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आज हळदीच्या मांडवात विचारलं तर एकालाही हे नाव माहीत नसेल. मलाही परवापर्यंत नव्हतं.

आईला मेकॅनिक हवा होता

चिकचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावचा. (हळदीवरून हळदोण्यात पोचले, हा निव्वळ योगायोग!) तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्या राज्याने गोव्याला दिलेल्या गोष्टींत एक होती चर्चच्या संगीतशाळा. गावागावात चर्चचे मास्तर मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला, प्रार्थना गायला, व्हायोलिन धरायला शिकवायचे. त्यामुळे गोव्यातला एखादा शेतकऱ्याचा मुलगाही कागदावरची सुरावट बघून वाजवू शकायचा. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढे अख्ख्या हिंदी सिनेमाला ती पुरली.

आंतोनियोच्या आईचं म्हणणं होतं की, पोराने मेकॅनिक व्हावं. हाताला काम, घरात पगार. आपल्याकडे आजही जेएनपीटीत कायम नोकरी आणि गिटार यातलं काय निवडायचं, हे घरात कोण ठरवतं ते सगळ्यांना माहितीये. आंतोनियोने आईचं ऐकलं नाही. त्याने ट्रंपेट हातात घेतला आणि मुंबई गाठली.

मुंबई तेव्हा गोवेकरांसाठी नोकरीचं गाव होती. धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या कूड होत्या. कूड म्हणजे एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा. खलाशी, आचारी, वाजवणारे सगळे तिथे ट्रंका ठेवून राहायचे. जहाजावर काम मिळालं की एक जायचा, त्याची जागा दुसरा घ्यायचा.

ताजमधले पाहुणे

घारापुरीला गेला असाल तर परतताना लाँच गेटवेला लागते आणि समोर ताज दिसतो. घारापुरी उरण तालुक्यातच येते, म्हणजे हा आपल्या घरचाच रस्ता. त्या ताजमध्ये १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला पूर्ण बँड घेऊन आला. सगळे कृष्णवर्णीय. त्याआधी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजत होतं, पण बरंचसं नोटेशन बघून, शिस्तीत. जॅझ ज्यांचं आहे ती माणसं अशी समोर उभी राहून वाजवतायत, हे नवीन होतं. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्ड तर परत गेलाच नाही. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला.

विचार करा, हे संगीतकार इतक्या लांब का आले असतील? त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात स्टेजवर चढता यायचं, पण पाहुणा म्हणून राहता यायचं नाही. आणि इकडे मुंबई इंग्रजांच्या ताब्यात, गोवा पोर्तुगीजांच्या. वाजवणारे दोन्हीकडचे, सत्ता दोघांकडेही नाही. गोव्याच्या पोरांनी या पाहुण्यांकडून शिकून घेतलं ते कागदावर नसलेलं संगीत. दोन ठोक्यांमधली जागा समान न वाटता थोडी झुकवायची, की चाल डुलायला लागते. यालाच स्विंग म्हणतात. ठरलेली चाल सोडून मधेच आपलं काहीतरी वाजवायचं आणि वेळेवर परत यायचं. भजनी मंडळातल्या चांगल्या पखवाजवाल्याला हे सांगावं लागत नाही, पण चर्चच्या शाळेत हे शिकवत नसत.

चिकने आर्मस्ट्राँगला गुरू मानलं. रेकॉर्ड ऐकून ऐकून त्याने ती फुंक उचलली, तो खरखरीत आवाजही उचलला. चाळिशीच्या दशकात ‘चिक अँड हिज म्युझिक मेकर्स’ हा मुंबईतला मोठा बँड होता. ताजच्या शेजारी ग्रीन्स हॉटेल होतं, तिथे तो वाजायचा. ग्रीन्स आता नाही. त्या जागेवर ताजची उंच नवी इमारत उभी आहे.

यात आफ्रिका कुठून आली?

इथे जरा थांबायला हवं, कारण मला या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो.

जॅझ न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलं असं आपण वाचतो. पण त्या शहरात काँगो स्क्वेअर नावाचं एक मैदान होतं, जिथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं रविवारी जमून ढोल वाजवत, नाचत. क्युबात उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या गुलामांनी तिथे आपले ताल जपले. त्यातून रुंबा आला, बोंगो आला. दोन लाकडी काठ्या एकमेकांवर आपटून पाच ठोक्यांचा एक साचा वाजवतात, तीन आणि दोन, त्याला क्लावे म्हणतात. आपल्या चिपळ्यांसारखंच काम, सगळ्यांना एका धाग्यात धरून ठेवायचं. आणि एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, हीसुद्धा आफ्रिकी संगीताची मोठी खूण. धवलारणीच्या मागे बायका ओळ धरतात तेव्हा मला आता हे आठवतं.

शिवाय आफ्रिका आपल्याला एवढी लांबची नाहीच. याच रायगड जिल्ह्यात मुरूडचा जंजिरा आहे, सिद्दींचा. समुद्रमार्गे आलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज. गुजरातेत सिद्दी लोक आजही धमाल नावाचा नाच ढोलांवर करतात. पोर्तुगीजांनी मोझांबिकमधून गुलाम गोव्यातही आणले होते. म्हणजे ज्या जहाजांनी आफ्रिकेचे ताल अमेरिकेला नेले, तशाच दुसऱ्या जहाजांनी ते आपल्या किनाऱ्यालाही आणले.

आज कुणी जॅझ, सोल आणि आफ्रिकी ताल एकत्र करून अल्बम काढला की आपण त्याला फ्यूजन म्हणतो. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू मासेकेलाने जन्मभर तेच केलं. तो शाळकरी असताना, १९५६ मध्ये, लुई आर्मस्ट्राँगने आपला एक ट्रंपेट त्याच्या शाळेच्या बँडसाठी पाठवला होता. चिकला असा ट्रंपेट कुणी पाठवला नाही. पण त्याच दशकात, त्याच आर्मस्ट्राँगला डोक्यात ठेवून, तो दादर-अंधेरीच्या स्टुडिओंत जवळपास तेच काम करत होता.

अण्णा आणि चिक

स्टुडिओत तो आला कसा, यालाही कारण आहे. १९४७ नंतर गोरे साहेब निघून गेले. मग १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. दारू नाही म्हटल्यावर हॉटेलांचे डान्स फ्लोअर ओस पडायला लागले. वाजवणाऱ्यांची पोटं मात्र तशीच होती. त्याच वेळी सिनेमाला मोठे ऑर्केस्ट्रा हवे होते आणि नोटेशन वाचणारी माणसं हवी होती.

सी. रामचंद्र, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. पण कान चौफेर. १९४७ च्या ‘शहनाई’मध्ये त्यांनी ‘आना मेरी जान संडे के संडे’ केलं, त्यात सॅक्सोफोन, गिटार, हार्मोनिका आणि शीळसुद्धा आहे. १९५० च्या ‘समाधी’मधलं ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ तर सरळ एका अमेरिकन सिनेमातल्या लॅटिन गाण्यावरून घेतलंय. अशा माणसाला चिकसारखा साथीदार मिळणं, म्हणजे काय ते समजून घ्या.

१९५१ ला ‘अलबेला’ आला. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र आहेत. क्युबाचा ताल, न्यू ऑर्लिन्सची पितळी वाद्यं, चाल अण्णांची आणि नाच गिरणगावात वाढलेल्या भगवानदादांचा. त्याच सिनेमातल्या ‘दीवाना परवाना’ या गाण्यात चिक आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतो. अंगात झालरीझालरीचे क्युबन पद्धतीचे कपडे. एरवी स्टुडिओच्या काचेमागे असणारी माणसं एकदाची समोर आली. ‘अलबेला’ धो धो चालला. हाच आपला अल्बम, असं मला म्हणायचंय. त्या काळी सिनेमाच्या गाण्यांना कुणी अल्बम म्हणत नसे, एवढंच.

मग नाव कुठे गेलं?

त्या वेळची पद्धत अशी की, संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती कागदावर उतरवायची, व्हायोलिनने काय वाजवायचं, ट्रंपेटने कुठे घुसायचं, मधल्या तुकड्यांत काय भरायचं, हे अरेंजर बघायचा. मुंबईत हे काम करणाऱ्यांत गोवेकर भरपूर. सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. यातल्या अँथनीचं नाव अख्ख्या देशाला पाठ आहे, पण ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेला तो सलाम होता. बाकीच्यांच्या वाट्याला तेही नाही. पैसे रेकॉर्डिंगचे मिळायचे. गाणं पुढे सत्तर वर्षं वाजलं तरी त्याचा हिशोब त्या दिवशीच संपलेला.

चिकला स्वतंत्र संगीतकार म्हणूनही संधी मिळाली होती. १९५१ च्याच ‘नादान’ला त्याचं संगीत आहे आणि त्यातलं तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ ऐकलं तर तुम्हाला धक्का बसेल. ट्रंपेटचा दणका नाही, काही नाही. हळुवार, शांत गाणं. म्हणजे या माणसाला फक्त झटका देता येत होता असं नाही. पण संगीतकार म्हणून त्याचं बस्तान बसलं नाही. तो परत हॉटेलच्या स्टेजवर आणि इतरांच्या गाण्यांत वाजवत राहिला.

अण्णांना दोष देण्यात अर्थ नाही. चाली त्यांच्याच होत्या आणि त्या मोठ्याच होत्या. पण चाल एकाची आणि तिचा पोशाख दुसऱ्याचा असेल, तर दुसऱ्याचं नाव सांगायला काय हरकत आहे? आज आपण स्पॉटिफायवर गाण्याचे क्रेडिट्स उघडून बीट कुणी बनवली ते बघतो. जुन्या गाण्यांत ते बघायची सोयच बहुतेक वेळा नाही.

पडद्यावर चिक पुन्हा दिसला तो १९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये. चेतन आनंद यांचा सिनेमा, राजेश खन्नाचा पहिलाच. खय्याम यांच्या ‘रुत जवाँ जवाँ’ या क्लबमधल्या गाण्यात तरुण भूपिंदर गातोय आणि शेजारी चिक ट्रंपेट वाजवतोय. मे १९६७ मध्ये तो गेला. वय अवघं ५१.

कुठून सुरुवात कराल?

आधी ‘रुत जवाँ जवाँ’ बघा, म्हणजे चेहरा कळेल. मग ‘दीवाना परवाना’ बघा आणि तोच माणूस पंधरा वर्षांनी तरुण शोधा. मग डोळे मिटून ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’. शेवटी ‘शोला जो भडके’, पण या वेळी शब्दांकडे लक्ष न देता फक्त बोंगो आणि ट्रंपेट ऐका.

मी हे सगळं ऐकून झाल्यावर गेल्या आठवड्यात एका हळदीला गेले होते. साडेबाराला तेच गाणं लागलं, आजोबा उठले. ट्रंपेटवाला बहुतेक माझ्याच वयाचा होता, घामाने गणवेश भिजलेला. एरवी मी नाचायला गेले असते. या वेळी गाणं संपेपर्यंत त्याच्याशेजारी उभी राहिले आणि मग त्याचं नाव विचारलं. तो आधी दचकला. त्याला वाटलं, काहीतरी चुकलं.